चौकटीवरच्या खडूच्या रेघा

कापडे, ता. पोलादपूर
माघी अमावास्या

तीर्थस्वरूप गोमादादा यास,

भैरूचा नमस्कार. साष्टांगच लिहिणार होतो, पण आठांपैकी एक अंग सध्या कामावर नाय, तेव्हा सातांचाच गोड मानून घे. तुळसावहिनींना वेगळा नमस्कार सांग आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणावं. तुझी साखर कशी आहे? (आपल्या पूर्वजांनी जमीन वाटताना हात आखडला, साखर मात्र सढळ हाताने वाटली.) इकडे सर्व खुशाल. तुझी भावजय आवडी बरी आहे. म्हैस व्यायली, रेडकू झालं. माझी मिनीडोअर रिक्षा कापडे ते पोलादपूर चालते आहे, उतारावर तर फारच छान चालते. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर पाच वर्षांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस. (मीही एकदाही केला नाय, ही गोष्ट वेगळी.)

तर अंगाचं सांगतो. गणपती गेले आणि एका सकाळी बनियन घालायला उजवा हात वर केला, तो खांद्याच्या रेषेत येऊन जो थांबला तो थांबलाच. वर जाईना, खाली आणायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे. बनियन डोक्यात अडकलेलं, मी आतून आवडीला हाका मारतोय, आणि तिला वाटलं मी म्हशीवर ओरडतोय. पोलादपूरचे डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, साखरवाल्यांना होतो, गोळ्या घ्या, व्यायाम करा, वर्ष-दीड वर्षात सुटेल. वर्ष-दीड वर्ष! तोवर शिमगा थांबणार आहे का? तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाय: पालखी देवळाच्या उंबऱ्याशी आली की पुढच्या दांड्याच्या मानकऱ्याने दोन्ही हातांनी ती डोक्याच्या वर तीन वेळा उचलायची. मान तुझा, तू थोरला. पण तू मुंबईला, म्हणून अकरा वर्षं दांडा मी धरतो. हात कानाच्या वर गेला नाय तर दांडा खालच्या आळीकडे जाणार, आणि खालच्या आळीकडे गेलेली वस्तू परत आल्याचं तू तरी ऐकलंयस का? (माझा पाना अजून तिकडेच आहे.) या काळजीने माझी झोप उडाली, दुपारचीसुद्धा.

औषधांना तोटा नव्हता. मिनीडोअरमध्ये बसलेल्या प्रत्येक शीटने एक औषध सांगितलं, आणि मी मूर्खासारखी सगळी केली. निरगुडीचा पाला बांधला, मोहरीचं तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून उजव्या कुशीवर झोपलो आणि अर्धा वाडा जागा केला. शेवटी साळूआत्या कोयती चुलीत तापवून डाग द्यायला आली. "गप बस रे, माझ्या बापाला दिलेला, तो शंभर वर्सं जगला," म्हणाली. मी बावन्न वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, परड्याच्या कुंपणावरून उडी मारून पळालो. उडी मारताना हात वर गेला असावा असं आवडीचं म्हणणं आहे, पण तेव्हा मोजायला वेळ नव्हता.

मग कळलं की महाडला एस.टी. स्टँडच्या मागे एका हॉलमध्ये दर गुरुवारी पुण्याच्या नीला डॉक्टर येतात आणि सुया टोचून दुखणं घालवतात. ॲक्युपंक्चर. हा शब्द मला नीट म्हणता यायला दोन गुरुवार लागले. इंजेक्शन म्हटलं की मला घाम फुटतो हे तुला ठाऊक आहे. शाळेत लस टोचायला आले तेव्हा तुझ्याच मागे लपलो होतो आणि माझी म्हणून दुसरीही तूच घेतलीस. पण या सुया केसासारख्या बारीक. डॉक्टरीण बाईंनी खांदा दाबून बघितला, कागदावर लिहिलं आणि सुया टोचल्या कुठे? पायाला! नडगीच्या बाजूला! मी म्हटलं, बाई, दुखतो खांदा. त्या म्हणाल्या, माहीत आहे, पडून राहा. शेजारच्या खाटेवर मुरारी म्हणून महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार होता. त्याच्या सुया कानात. आता तूच सांग, खांद्याला जवळ काय? नडगी की कान? मुरारीचे पाय शिफ्टमध्ये उभं राहून सुजलेले, त्यालाही वाटलं पायाच्या सुया आपल्याच असणार. दोघांनी विचार केला (इथेच चुकलं) आणि ठरवलं की बाईंच्या हातून कागद बदलले गेले. पुढच्या गुरुवारपासून बाई नुसती देखरेख करायच्या, सुया त्यांच्या हाताखालच्या मुली खाटेला लावलेला कागद बघून टोचायच्या. आम्ही गुपचूप खाटाच बदलल्या. बाईंना कशाला लाजवा, असा आमचा मोठेपणा.

आणि दादा, गुण आला! घराच्या चौकटीला उभं राहून मी रोज सकाळी हात जाईल तिथे खडूने रेघ मारत होतो. तीन गुरुवारांत रेघ चार बोटं वर चढली. दुखणं निम्म्यावर आलं. कुशीवर झोपलो, बनियन एकट्याने घातलं, गाडी वळवताना आईची आठवण काढणं बंद झालं. मग काय विचारता! मिनीडोअरमध्ये माझं प्रवचन सुरू. कान आणि खांदा यांची नस एकच, हे मी लोकांना बोटाने दाखवून सांगायचो. वरंधचे एक पाहुणे नुसते शेजारी बसले होते, त्यांनाही मी कान धरून समजावलं. सात जणांना महाडला धाडलं. तिकडे मुरारीचे पाय हलके झाले ते झालेच, वर एक नवल, त्याची वीस वर्षांची तंबाखू सुटली.

खाटा बदलल्यापासूनच्या चौथ्या गुरुवारी, सुया टोचायच्या आधीच, बाई स्वतः खाटेशी आल्या, कागद बघितला, मला बघितलं, आणि विचारलं, "काका, तंबाखू सुटली का?" मी म्हटलं, खांद्यासाठी ती पण सोडायची होती का? तेव्हा उलगडा झाला. कानातल्या सुया मुरारीची तंबाखू सुटावी म्हणून बाईंनी आपणहून लिहिलेल्या, नि पायातल्या माझ्या खांद्याच्या. तीन आठवडे मी दुसऱ्याच्या व्यसनावर उपचार घेऊन (वर बसमध्ये तंबाखू मळत घरी येऊन) बरा होत होतो. बाई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग नीट बसून म्हणाल्या की मोठ्या दवाखान्यांतून असं मुद्दाम करूनही बघितलंय, चुकीच्या जागी सुया टोचून. दुखणं तिथेही उतरतं, बरोबर जागी टोचलं तर थोडं जास्त उतरतं. त्यातलं सुईचं किती, भरवशाचं किती आणि अर्धा तास गप पडून राहिल्याचं किती, यावर जाणतेही भांडतात. तंबाखूचं तर छातीठोक कुणीच सांगत नाही. आणि गोठलेला सांधा व्यायामानेच सुटतो, त्याला दिवस लागतात.

बाईंचं बोलणं संपतंय तोच माझा खांदा ठणकायला लागला. खरं सांगतो. कळलं आणि दुखलं! मुरारीने तर तिथल्या तिथे माझ्यापुढे हात पसरला. "काका, चिमूट हाय काय?" त्याची तीन आठवड्यांची पुण्याई मी माझ्या पुडीतल्या एका चिमटीत घालवली, त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर तीन गुरुवार मी गपगुमान नडगीत सुया घेतल्या, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायामही केला. दुखणं पुन्हा उतरलंय. कोणी विचारलं सुया चालतात का, तर मी आता एवढंच सांगतो की मी सात वेळा टोचून घेतल्या, झोप लागते, पुढचं बाईंना विचारा. पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौकटीवरची रेघ कानाच्या वर दोन बोटं गेली आहे. तेव्हा शिमग्याची काळजी नसावी. दांडा आपल्या घरातून हलत नाय. सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जो लागू असेल तो.

तुझा धाकटा भाऊ,
भैरू

ता. क. – पत्र आवडीने वाचलं. म्हणाली, रेघेचं लिवलाव, टाचांचं नाय लिवलाव. रेघ मारताना मी टाचा उचलतो, असं तिने महिनाभर पाहिलं आणि बिचारा खूश आहे म्हणून बोलली नाय. टाचा टेकवून आत्ता परत मोजलं. रेघ पहिल्या जागेपासून एक बोट वर. एकच.

दुसरा ता. क. – म्हणजे हात जात नाय दादा. पंधरा दिवसांत जाणारही नाय. पाच वर्षांपूर्वी तू दांडा धरायला पुढे आलास, तेव्हा पालखी बसते त्या सहाणेवर सगळ्या गावापुढे मी बोललो की मुंबईच्या खांद्याला पिशवी पेलते, पालखी नाय. लोक हसले आणि तू त्याच गाडीने परत गेलास. त्या दिवसापासून पालखी उचलताना मला तुझी पाठ दिसते. चुकलो. हे पत्रात सांगून भागत नाय, तू आलास की त्याच सहाणेवर, तेवढ्याच लोकांपुढे सांगेन. यंदा दांडा तू धर. त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं, मध्ये सुया आल्या.

तिसरा ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आवडी आत्ता हसत हसत सांगते की ती आणि तुळसावहिनी गेली पाच वर्षं दर रविवारी फोनवर बोलतात! आणि दिवाळीपासून तुझा डावा हात वर जात नाय, तू तिकडे सुया टोचून घेतोस, यंदा येऊन माझ्या हातातून दांडा काढून घ्यायचा म्हणून. तू पण दाराच्या चौकटीवर रेघा मारतोस म्हणे.

तरी ये. तुझा उजवा धड आहे, माझा डावा. एका दांड्याला शेजारी शेजारी उभे राहिलो तर दोघांत मिळून एक माणूस होतो. गावाला मी बघून घेतो. फक्त एकच सांग, खरं सांग: टाचा उचलतोस ना?