मागचा जिना

७ नोव्हेंबर १९८३
रत्नागिरीला पोचलो. बार्शीहून निघताना दमयंतीने डोळे पुसले होते, पण इथे उतरल्यावर मला चक्क गाणं म्हणावंसं वाटलं. तांबड्या चिऱ्याची घरं, मध्ये माड, आणि उतार संपतो तिथे समुद्र. नगररचनेच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून रुजू झालो. कचेरीने एका नव्या तीनमजली इमारतीत कर्मचाऱ्यांसाठी खोल्या घेतल्या आहेत. राहायला योग्य असल्याचा दाखला अजून नसल्यामुळे बाकी बिऱ्हाडं आलेली नाहीत. साहेब हसून म्हणाले, तुम्ही सगळ्यांत वर, तिसऱ्या मजल्यावर राहा आणि तपासणीही उरकून टाका. दाखला झाला की दमयंतीला आणि आमच्या छोट्या मैनाला आणता येईल. मैनाने खोलीतून समुद्र दिसतो का, एवढंच विचारलं होतं. दिसतो.

१० नोव्हेंबर
तपासणी केली. बांधकाम चांगलं आहे. नकाशात दोन जिने आहेत आणि जागेवरही दोन आहेत. पण मागच्या जिन्याचं खालचं दार चिऱ्याची भिंत घालून बुजवलं आहे. कंत्राटदार भागोजीशेठ म्हणाले, चोरांचा उपद्रव नको म्हणून. मी त्यांना विचारलं, पुढचा जिना धुराने भरला तर वरच्या माणसांनी जायचं कुठून? त्यांनी पानाची चंची उघडली आणि पान माझ्यापुढे केलं.
झाडलोटीला येणाऱ्या ठमाबाई सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आवो सायेब, भित फोडताव, पन जागेवाल्याला इचारलाव काय?" आता उलगडा झाला. जमिनीचा मूळ मालक कोणीतरी वेगळा आहे आणि त्याने जिना स्वतःसाठी अडवून ठेवला आहे. तो राहतो कुठे म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "र्‍हतो कुटं म्हंजी? हितंच की!"

११ नोव्हेंबर
त्या भिंतीवर नोटीस डकवली. जागेवाल्याने चार दिवसांत वरच्या मजल्यावर समक्ष हजर राहावे, अन्यथा हरकत नाही असे समजून भिंत पाडण्यात येईल. अक्षर चांगलं आलं.
संध्याकाळी खिचडी केली. बोलायला माणूस नाही. शेजारच्या वाडीतले पुरुष सगळे मुंबईला. बायका मला पाहिलं की पदर सावरून आत जातात.

१५ नोव्हेंबर
कोणी आलं नाही. भिंत पाडली. गवंडी रावजी पहारीला हात लावीना. पहिला घाव मी घातला, तेव्हा कुठे तो पुढे झाला. आत ओल होती. जिन्याखाली एक काळा धोंडा होता, त्याच्यापुढे वाळलेले नारळ. सुटकेच्या वाटेत अडथळा नको म्हणून धोंडा बाहेर कुंपणाशी ठेवायला लावला. दाखल्यावर सही केली. दमयंतीला पत्र टाकलं, या.

१६ नोव्हेंबर
दुपारी जेवायला आलो तेव्हा मागच्या जिन्यावर पावलं ऐकू आली. सावकाश, वयस्कर माणसाची. पहिल्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली. बिऱ्हाडं यायला लागली म्हणायची. इतका आनंद झाला की मी चहाचं आधण दोघांचं ठेवलं. कोणी वर आलं नाही. उद्या भेटू.

१८ नोव्हेंबर
पहिल्या मजल्यावर कोणी नाही. दोन्ही खोल्यांना बाहेरून कुलूप. पण जिन्यावर तांबड्या चिखलाची पावलं आहेत. वर जाणारी. उतरणारी नाहीत.
ठमाबाईंना सांगितलं. जागेवाला शेवटी आला वाटतं, असंही म्हणालो. त्या हसल्या. मग त्यांनी नोटिशीत काय लिहिलं होतं ते विचारलं. वाचून दाखवल्यावर त्यांच्या हातातली केरसुणी थांबली. "जागेवाला म्हंजी मालक न्हवं वो. राखनदार, ह्या जागंचा द्येव! त्येला नारळ दिऊन गारानं घालायचं, हात जोडायचं. तुमी त्येला हुकूम केलाव? वर बोलावलाव?"
बादली अंगणातच टाकून त्या गेल्या.

१९ नोव्हेंबर
ठमाबाई आल्या नाहीत. धोंडा परत ठेवायला गेलो. कुंपणाशी धोंडा नाही. गवतात नुसता खळगा.
पावलं आज दुसऱ्या मजल्यावर. माझ्या खोलीच्या बरोबर खाली. चालणं नाही. उभं राहणं ऐकू येतं — हे कसं लिहावं कळत नाही.

२० नोव्हेंबर
रावजीकडे गेलो. भिंत पुन्हा घाल म्हटलं. तो म्हणाला, आत कोण हाय ते ठाऊक असताना भित घालीत नाहीत सायेब. साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, एकटे राहता म्हणून होतं, कुटुंब आलं की बरं वाटेल.
बार्शीला तार केली — येऊ नका. मेव्हण्याचं उत्तर आलं. दोघी निघाल्या. आज कोल्हापूरला मुक्काम, उद्या संध्याकाळच्या गाडीने रत्नागिरी.

२१ नोव्हेंबर
ट्रंक भरली. थेट स्टँडवर जाऊन दोघींना तिथूनच लॉजवर नेणार. इथे पाऊल ठेवू देणार नाही.

दुपार. गाडीला वेळ आहे. पुढच्या दाराने निघालो होतो —
मागच्या जिन्यावर उघडणाऱ्या दाराबाहेर पावलं. ह्या मजल्यावर.
कडी घातलेली आहे. त्या दाराकडे पाठ करवत नाही. लिहीत राहिलं की जरा —

आता दोघांची पावलं. एक सावकाश. एक लहान, उड्या मारणारं.

मैना. मैनाचा आवाज. गाडी लवकर आली, आई खाली सामानाशी आहे म्हणते. चप्पल चावते म्हणते. तिची चप्पल नेहमी —
नाही. घर तिला कोणी दाखवलं?
विचारलं. दारातूनच. म्हणाली, ह्या आजोबांनी.

दमयंतीला हाक मारली. खिडकीतून. अंगणात बार्शीच्या घरातली ट्रंक दिसते. आमची. माणूस नाही.

मैना विचारते, बाबा, दार का उघडत नाही. मग आजोबा म्हणतात, राहू दे, आपण आणखी वरच्या मजल्यावर जाऊ, तिथून समुद्र जास्त दिसतो.

वर मजला नाही. माझ्या डोक्यावर कौलं आहेत.

ती हो म्हणाली. पावलं वर निघाली. दोघांची. मैना, थांब — मी कडी काढ