खारीज केलेल्या अकरा नावांबाबत

मी शालिग्राम वल्द पुंजाजी गावंडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी शाळामास्तर व आता पेन्शन, राहणार मौजे हिवरशेंडी, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, छातीत घरघर आहे, पण मृत्युपत्राला डोके पुरते. मला कोणी भरीस घातलेले नाही व काही पाजलेले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी काढून दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. हिवरशेंडीच्या शिवारातील माझे चार एकर सतरा गुंठे शेत माझा पुतण्या जगदेव यास द्यावे. तो कामरगावास मास्तर आहे. घरही आपल्यालाच मिळणार, असे त्याने धरून ठेवले आहे. त्याने कलम ४ बसून वाचावे.

कलम २. माझी पत्नी कैलासवासी सोजरबाई हिची पितळी परात व दोन्ही लुगडी शेजारच्या रंगूबाईस द्यावीत. सोजरबाई गेल्यापासून दोन वर्षे रंगूबाईची भाकरी खाल्ली आणि तिच्या भाजीला रोज नावे ठेवली. भाजी चांगली होती. हे तिला तोंडावर सांगायचे राहून गेले.

कलम ३. बैठकीत काचेच्या चौकटीत सरकारी शाबासकीचा कागद लावलेला आहे. सन १९१८ च्या साथीत शाळा बंद पडू दिली नाही व हजेरीचे प्रमाण वाढवले, म्हणून तो मला मिळाला. तो चौकटीतून काढून चुलीत घालावा. कारण सांगतो, म्हणजे जगदेव हळहळणार नाही.

गावापासून दीड कोसावर, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली मुले शाळेत यावीत म्हणून मी सन १९१६ मध्ये तीन महिने रोज संध्याकाळी तांड्यावर जाऊन बसलो. हेमला नाईक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, मला बाजेवर बसवी आणि बोलतच नसे. शेवटी एक दिवस म्हणाला, "मास्तर, तुमी काही हटत नाई. घेऊन जा लेकरं. पन यायले कोनी हिडीसफिडीस केलं तं पाहा." मी शब्द दिला. अकरा मुले आली. त्यात हेमलाची नात कमली होती. गाव कुरकुरले, मग गप्प झाले. माझ्या आयुष्यात एवढेच एक काम मी पुरते मन लावून केले.

दोन वर्षांनी आश्विनात मानमोडीची साथ आली. ताप भरे आणि तिसऱ्या दिवशी माणूस जाई. ती कुठून आली हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून ती तांड्यावरून आली असे ठरले. शाळा कमिटीचे प्रमुख जानराव पाटील दारात येऊन उभे राहिले. "तांड्याचे पोट्टे काढा मास्तर, नाई तं गावचं एकबी लेकरू येनार नाई," म्हणाले. त्याच पहाटे त्यांची सून गेली होती. डोळे सुजलेले, अंगावर कालचाच सदरा. त्यांचे भय मला दिसत होते. त्यांना आत बोलावून पाणी द्यावे, सगळ्यांसाठीच आठ दिवस शाळा बंद ठेवावी, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. पण शाळा बंद झाली तर तपासणीचे साहेब काय म्हणतील, या विचाराने मला घेरले. मी दाखलखारीजचे रजिस्टर काढले आणि लाल शाईने अकरा नावे खोडली. कारणाच्या रकान्यात लिहिले, 'सतत गैरहजर'.

दुसऱ्या दिवशी अकराही जण आले. मी त्यांना ओट्यावरून उठवले. ती अंगणात जाऊन बसली. मी हजेरी घेतली आणि कमलीचे नाव जिथे यायचे तिथे बाहेरून आवाज आला, "हजर." मी वर पाहिले नाही. ती दारापाशी येऊन म्हणाली, "मास्तर, मी तं आली हाये. माहं नाव काहून नाई घेतलं?" मी तिला घरी जायला सांगितले. तीन दिवस ती येत राहिली, चौथ्या दिवशी थांबली. अकरा नावे कमी झाल्याने हजेरीचे प्रमाण वाढले. शाबासकी त्याची आहे.

साथ ओसरली. तांड्यावर त्या अकरांपैकी दोघे गेले होते. नऊ उरले. त्यांना परत घ्यायला नियम होता, पालकाने यावे व अर्ज द्यावा. मी अर्जाची वाट पाहत बसलो. पुढे मंगरूळच्या बाजारात हेमला भेटला. मीच विचारले, लेकरे का पाठवत नाहीस. तो म्हणाला, "आमच्या पंचायतीत ज्याले उठवलं तो आपल्या पायानं येऊन बसत नाई. ज्यानं उठवलं त्यानं जावं, हात धरून आनावं, बसवावं. तुमी या, मी आत्ता पाठवतो."

एवढेच होते. दीड कोस चालायचे आणि नऊ हात धरायचे. मी गेलो नाही. हेडमास्तराने जाऊन चूक कबूल केली तर पोरे कोणाला जुमानतील, असे मी सोजरबाईस सांगितले. ती म्हणाली, "पोट्टे जुमानत नाईत याचं भेव नाई तुमाले. जानरावाचं हाये." मग ती स्वतः तीजेच्या सणाला साखर घेऊन तांड्यावर गेली. बायांनी तिला मान दिला, साखर घेतली आणि सांगितले, "बाई, तू नाई उठवलं आमाले." ती परत आली आणि तो विषय तिने मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. मी मात्र दर वर्षी ठरवी: दिवाळीनंतर जाऊ, तपासणी झाली की जाऊ, पेन्शनीत निघालो की जाऊ. त्या तांड्याचे एकही मूल गेली अठ्ठावीस वर्षे शाळेत आलेले नाही.

यंदा चैत्रात बैलगाडीत आडवा पडून तांड्यावर गेलो. हेमला कधीच वारला. कमली भेटली; माहेरीच घर करून राहते, तिची धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे. मी म्हणालो, बोलवायला आलो आहे. ती म्हणाली, "आता कोनाले बसवता मास्तर? आमचे तं केस पिकून राह्यले." मी म्हणालो, मुलीला. ती म्हणाली, "तुमाच्यानं तं उभं राहवत नाई. हात कोन धरन?"

कलम ४. म्हणून माझे राहते घर, अंगण व विहिरीसह, शाळेस द्यावे. पावसाळ्यात नाल्याला पूर असतो तेव्हा तांड्याची मुले तेथे राहतील. त्याला अट अशी: शाळेचा हेडमास्तर, मग तो कोणी असो, शाळा उघडण्याच्या दिवशी स्वतः तांड्यावर जाईल, एकेका मुलाचा हात धरून आणील व आत बसवील. शिपायास किंवा बायकोस पाठवू नये. तसेच कोणाचेही नाव खोडण्यापूर्वी त्याने त्या मुलाच्या दारी जाऊन यावे. साथ असो, दुष्काळ असो, वरून हुकूम असो. हे मान्य नसल्यास घर मोडून त्याची लाकडे व छपराची कवेलू तांड्यास द्यावीत. शाळा ते तिथेच बांधतील. हे सर्व जगदेवने पार पाडावे. जगदेव, तूही मास्तर आहेस. रागाव, पण पार पाड.

कलम ५. जानराव पाटील यांचे व माझे त्या साथीपासूनचे भांडण मिटलेले नाही. ते मिटल्याचे सोंग माझ्या तेरवीच्या पंगतीत कोणी करू नये. तथापि त्यांनी फक्त तोंडाने सांगितले होते. खोडणारा हात माझा होता, आणि त्यांच्या दारीही मी सून गेल्यावर भेटायला गेलो नाही. त्यांस माझी आरामखुर्ची द्यावी. त्यांची कंबर माझ्याहून वाईट आहे.

मी लोकांना शिकवले, पण ज्या दिवशी शाळा सांभाळायची होती त्या दिवशी मी रजिस्टर सांभाळले. याचे मला फार दुःख आहे. ते कोणास वाटून देता येत नाही, म्हणून इथे लिहिले.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, तो बरोबर आहे. माझ्या राजीखुशीने सही केली.

शालिग्राम पुंजाजी गावंडे
मुक्काम हिवरशेंडी, तारीख ११ मे १९४६

साक्षीदार:

१. मोहनसिंग, वय ५९, पेन्शनर पोस्टमन, राहणार हिवरशेंडी. सही.

२. कमलीबाई जौजे रामधन, वय ३८, राहणार तांडा. डाव्या अंगठ्याची निशाणी.

(अंगठ्याखाली मी माझ्या हाताने लिहितो: मोहनसिंगाने हिच्यापुढे टाक धरला, तेव्हा ही म्हणाली, "मले येत नाई." मोहनसिंगास ते खरे वाटेना. दहा वर्षांची असताना त्याने आणलेले तांड्याचे टपाल हीच सगळ्यांना वाचून दाखवीत असे. शा. पुं. गा.)