भोंग्यावरचा नेम

२ एप्रिल, सकाळी
आजपासून एक शब्दही हिंदी बोलणार नाही. दिल्लीचा सांस्कृतिक रथ आमच्या शिवऱ्यात येतोय, तोही ऐन जत्रेत. कुस्त्यांची पुकार हिंदीत, भोंग्यावर त्यांची गाणी. सोनबाच्या हलगीवाचून आमचा पैलवान मातीला हात लावत नाही, हे दिल्लीला कोण सांगणार? मी. मावळ अस्मिता दल स्थापन केलं. अध्यक्ष कुंडलिक, म्हणजे मीच. सदस्य अजहर पंक्चरवाला आणि हनुमंत टेम्पोवाला. दोघांनी होकार दिला तेव्हा ते माझ्या हॉटेलात फुकटची मिसळ खात होते, पण निष्ठा ती निष्ठाच.

३ एप्रिल
आंदोलनाला तोंड फुटलं. माझंच. एक ट्रकवाला म्हणाला, "भैया, दो चाय." मराठीत माग म्हटलं. हसला. कानफटात दिली. त्यानं परत दिली, ती जरा जास्त बसली. दात गेला. अजहरनं सोडवलं आणि वर त्याला चहा पाजला. ही म्हणाली, "गिऱ्हाईक मारताय व्हय? मग हाटेल कशाला काढलं?" क्रांतिकारकांच्या घरी हे चालायचंच.

५ एप्रिल
हिरडी सुजली. हातघाई बंद. शस्त्र ठरलं, गोफण. लहानपणी मी आणि सोनबा ज्वारीवरची पाखरं राखायचो. मी गोफण फिरवली की सोनबा झाडामागं जायचा. पहिल्यापासून विनोदी माणूस.

६ एप्रिल
सराव. पहिला दगड आमच्याच पाण्याच्या टाकीला. दुसरा हनुमंतच्या टेम्पोची काच फोडून आत. हनुमंतनं राजीनामा दिला, माझी कॉलर धरून दिला. नाकातून बरंच रक्त गेलं. दल आता सुटसुटीत झालं.

८ एप्रिल
फितुरी! सोनबा रथावर हलगी वाजवणार. त्यांनीच बोलावलं म्हणे. "मानानं बोलिवलंय, कुंडलिक. शाल देणार हायेत. तू मधी येऊ नगंस." तळपायाची आग मस्तकात गेली. वाईटही वाटलं. इतकी वर्षं जत्रेत वाजवतोय, आम्ही त्याला कधी शाल दिली नाही. पण हे त्याला बोललो नाही. अध्यक्षानं सगळंच बोलायचं नसतं.

९ एप्रिल, संध्याकाळी
रथ आला. उद्या कुस्त्या. सोनबानं जाळावर हलगी शेकली, वर चढला, वाजवायला लागला. मी चिंचेआड. अजहर म्हणाला, "नगं, वर सोनबा हाय." म्हटलं, नेम भोंग्यावर आहे. "जय मावळ" अशी घोषणा दिली आणि सोडला.
भोंगा शाबूत आहे. दगड सोनबाच्या उजव्या मनगटावर बसला. समोर माईक होता. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या गावानं भोंग्यातून ऐकला.
मी धोरण म्हणून उसातून घरी आलो.

१० एप्रिल, दुपारी
पोलीस आले. अटकेसाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोनबाचा हात प्लास्टरात, गळ्यात बांधलेला. म्हणाला, "कोन व्हतं दिसलं न्हाई, सायेब. पाखरं राखणारं असंल कोनतरी." माझी घोषणा त्यानं ऐकली होती. अख्ख्या गावानं ऐकली होती. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. दातापेक्षा जास्त दुखलं.

त्याच दिवशी, कुस्त्यांनंतर
पैलवान मातीत उभे, हलगी नाही. शेवटी जबाबदारी मीच घेतली. सोनबाची हलगी जाळावर धरली. जरा जास्तच धरली. कातडं टरकन फाटलं. मग चपला आल्या, एक डोळ्यावर बसली.
रथावरच्या पोराच्या मोबाईलमध्ये कालचं रेकॉर्डिंग होतं. पोरगा बिहारचा. त्याच्यासमोर हात जोडले. "भैया, वो हलगी लगाव ना. जोर से लगाव."
त्यानं लावली. पैलवान भिडले. हलगी, मग माझी घोषणा, मग ते हाड, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या कुस्त्या त्यावरच झाल्या. माझी घोषणा स्पष्ट आली आहे.
सोनबा आखाड्याच्या कडेला बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत होता. घोषणा आली की मोडका हात पोटाशी घ्यायचा.