खोली वाढवून घ्या

मेडशी,
७ डिसेंबर २०२५

प्रिय फुलसिंग,

रामराम. तू आणि रामीवहिनी ऊसतोडीच्या फडावर, तिथल्या कोपीत सुखरूप पोचल्याचं तुमच्या टोळीतल्या सोमलाकडून कळलं. तिकडे थंडी फार आहे म्हणाला. इकडे तुरीच्या शेंगा भरल्या. आमच्या घरी गिरजाचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. सोमला उद्या तिकडे परत निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तुला फोन दोनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. वाचून झालं की वहिनींनाही मोठ्याने वाचून दाखव.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलातल्या फ्रीजरच्या खोलीचं दार उघडलं. दारावरचा आकडा रोजच्यासारखा बघितला. रोज तिथे उणे अठरा असतो. त्या दिवशी बारा होता, आणि पुढे उण्याची रेघ नव्हती. आत पाय ठेवला तर चप्पल पाण्यात.

ती खोली सणाच्या आदल्या दिवशी मीच लावली होती. कोंबडी आणि मासळी सगळ्यांत खालच्या फळीवर, म्हणजे त्यांचं पाणी दुसऱ्या कशावर गळू नये. मधे मटार, पनीर. वर आइस्क्रीम. डब्याडब्यावर तारीख, जुना माल पुढे, नवा मागे. वहिनी डबे हातात देत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, देवघर बी इतकं नाई लावत तुमी." खरं सांगू, मला ते काम पूजेसारखंच वाटायचं.

दसऱ्याला हॉटेलला सुट्टी होती, दीड दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही. सगळा माल विरघळला होता, वास सुटला होता. मालक दौलतरावांनी मागे खड्डा खणायला लावला. अन्न मातीत लोटताना माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही.

मग विचारपूस झाली. शेवटी खोलीत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "गजेंद्रभाऊजीनंच सांगतलं, वाढवा म्हणून. म्या वरचं बटन दाबलं."

आचारी हसला. "अवं बाई, वरचं बटन दाबलं त थंडी पळते! वाढते कुठं?"

दौलतराव माझ्याकडे वळले. "काहो, तुमी असं सांगतलं?"

मी म्हणालो, "मी त खोली बंद करायले सांगतलं होतं."

फुलसिंग, इथून पुढचं सावकाश वाच. 'बंद करा' हे शब्द मी उच्चारलेच नव्हते. अन्न असेल त्या जागेला आमच्या घरात बंद कर म्हणत नाहीत. दुकानालाही आई तसं म्हणू द्यायची नाही, वाढवा म्हणायचं. त्या संध्याकाळी मळ्यातला झेंडू गाडीत भरायचा होता. मी घाईत होतो. निघताना ओरडलो, "वहिनी, खोली वाढवून घ्या!" माझ्या मनात होतं, कडी लावा. त्यांना वाटलं, सणाची सुट्टी आहे, थंडी वाढवायची असेल. घरी तुमची बंजारा गोरमाटी बोलणाऱ्या बाईला आमची ही रीत कुठून ठाऊक असणार? बटणावरचा वर जाणारा बाण बघून त्या ते दाबत राहिल्या.

म्हणजे मी मालकाला सांगितलं ते अर्थाने खरं होतं. याच आडोशाला मी दोन महिने बसलो.

वहिनींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दौलतराव म्हणाले, "मशीन कळत नाई त नाई, वरून खोटं बोलते बाई." त्यांनी वहिनींना तिथेच कामावरून काढलं.

हॉटेलच्या कामामुळे सात वर्षं त्यांचा कोयता सुटला होता. तो पुन्हा हातात आला. आणि निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर तू माझे हात धरलेस. "गज्या, आमच्या बाईनं तुले खोट्यात पाडलं, माफ कर बावा." मी म्हणालो, जाऊ दे. मी असं म्हणालो! तेव्हापासून ताटावर बसतो, हात जोडतो, आणि पुढे काही सुचत नाही.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी सगळे स्वयंपाकघरात असताना दौलतरावांना सांगितलं. रामीबाई खऱ्या, खोटा मी. आचाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

दौलतराव म्हणाले, "दोन महिन्यानं सुचलं तुमाले?"

"हो."

"उद्यापासून येऊ नका."

त्यालाही हो म्हणालो. वहिनींना परत घ्या, असं सांगितलं, तर ते गल्ल्याकडे निघून गेले. तुला खोटी आशा लावत नाही.

तिथून चालत तुमच्या तांड्यावर गेलो. तुझी आई कमलीबाई ओट्यावर होती, शेजारच्या बाया धान्य निवडत होत्या. सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं, वहिनींचं नाव घेऊन सांगितलं. मला कोणी बस म्हटलं नाही. उभ्यानेच बोललो आणि परत आलो.

वहिनींचा अपराधी,
गजेंद्र