शिलाचं नाव कमी करताना

॥ जय सेवालाल ॥

कासेल, जर्मनी
४ मे २०२५

ती. मोहनभिया यांना धाकट्या शिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी फोन केला की याडी आईच्या हौसेनं तो स्पीकरवर टाकते आणि निम्मा तांडा माझी ख्यालीखुशाली ऐकायला जमतो. ही गोष्ट आधी तुला एकट्याला सांगायची आहे.

परवा मला इथलं नागरिकत्व मिळालं. नगरपालिकेच्या खोलीत आम्ही अकरा जण होतो. चार ओळींची शपथ होती, ती मी वाचली. आता या देशाला दोन नागरिकत्वं चालतात, पण आपल्या देशाला चालत नाहीत. आपण होऊन दुसऱ्याचं घेतलं की आपलं त्याच घटकेला आपोआप जातं. मला वाटलं होतं एखादी नोटीस तरी येईल, कुणी तरी विचारेल. कुणीच विचारलं नाही. आता मीच जाऊन आपला पासपोर्ट भारतीय वकिलातीत जमा करायचा आहे.

का घेतलं ते तुला ठाऊक आहे. याडीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा साडेपाच महिने राहिले आणि तिला काठीवर उभी करून पळत आले, कारण सहा महिने बाहेर राहिलं की इथला राहण्याचा परवाना बुडायचा. आता ती भीती गेली. तिकडे येण्यासाठी जन्मभर चालणारं एक कार्ड मिळतं. म्हणजे भारतीय होते तोवर घाईघाईनं यायचे, आणि आता परकी होऊन वर्षभर राहीन. हसू नकोस, कायदाच असा आहे. मत देता येणार नाही आणि शेत विकत घेता येणार नाही, एवढं सोडलं तर मी होते तीच आहे.

भीती बापूंची आहे. आजा बैलांमागे हिंडत होता तेव्हा कुठल्याच गावच्या कागदावर आपलं नाव नव्हतं. मतदारयादीत नाव आलं तेव्हा आपण माणसांत आलो, हे त्यांच्या तोंडून आपण किती वेळा ऐकलं. मी अठराची झाले तेव्हा माझा अर्ज तूच भरलास. यादीचं काम अजून तुझ्याचकडे आहे, तेव्हा नाव कमी करायचा अर्जही तुलाच भरावा लागणार. पण आधी बापूंना सांग. त्यांना हे कागदावरून कळायला नको.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शिला


॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
२ जून २०२५

चि. शिला हिस मोहनसिंगचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी आनंद झाला, मग बापू आठवले. याच क्रमानं झालं हे लक्षात ठेव. ज्या पोरीला नऊचा पाढा येईना म्हणून मी छड्या मारल्या, ती परक्या भाषेत शपथ वाचून आली. मास्तर म्हणून थोडं श्रेय मी घेतोच.

बापूंना सांगायला तीनदा गेलो. एकदा ते बियाणं निवडत होते. एकदा शंकरसिंगकाका येऊन बसले होते. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं, म्हणून मीच परत फिरलो. जरा दम धर. तोवर फोनही करू नकोस, कारण तुझ्या तोंडावर सगळं दिसतं आणि बापूंना कानानं कमी येत असलं तरी डोळ्यांनी भलतंच येतं.

अर्ज मात्र काल भरून टाकला. तांड्यातल्या चार मयत माणसांचे अर्ज भरायचे होते, त्यांच्याबरोबर पाचवा तुझा. तुझं नाव आलं तेव्हा मी मोबाइलकडे नीट बघितलंही नाही. भरभर बटणं दाबली आणि चहा प्यायला उठलो.

याडी काठी विसरून चालते आणि मग आठवून घाबरते. बाकी क्षेम. आठवण येत राहू दे.

तुझा भिया
मोहनसिंग


॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा
२५ जून २०२५

चि. शिला हिस आशीर्वाद.

शुक्रवारी संध्याकाळी मी अचानक फोन लावला, बापू नुसते तुझ्याकडे बघत राहिले आणि तू घाबरून काय झालं काय झालं विचारत होतीस. मी पत्रात सांगतो म्हणून फोन बंद केला. आज सांगतो. वाचून झाल्यावर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

मी त्या दिवशी सेनगावला प्रशिक्षणाला गेलो होतो. नाव कमी करायच्या अर्जांची यादी आली आणि दुसऱ्या मास्तरांनी ती शाळेच्या भिंतीला लावली. बापू सकाळी शाळेच्या ओट्यावर बसतात हे तुला माहीत आहे. लावलेला कागद वाचल्याशिवाय ते उठत नाहीत. पाच नावं होती आणि पाचही नावांपुढे कारण एकच होतं, मयत. चौघांचं बरोबर होतं. पाचवं तुझं होतं. सवयीच्या बोटानं मी तुलाही त्याच खान्यात घातलं होतं, शिला.

बापूंनी हिशोब जुळवला. बरेच दिवस तुझा फोन नाही. मोहन नजर चुकवतो. आता नाव लागलं. ते घरी आले, याडीला काही कळू दिलं नाही, डोक्याचा पटका काढून ठेवला आणि मागच्या अंगणात बसून राहिले. जेवले नाहीत. याडीला वाटलं गुडघा दुखतोय.

दिवेलागणीला मी जीपमधून उतरलो तर ते रस्त्यावर उभे होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, की तिची माती कुठं केली. मला आधी काही कळेना. मग कळलं. रस्त्यावरच तुला फोन लावला. तू दवाखान्यात ड्यूटीवर, नर्सच्या कपड्यांत होतीस. तू दिसलीस आणि त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला.

फोन बंद झाल्यावर मी सगळं एका दमात सांगितलं. नागरिकत्व, शपथ, पासपोर्ट. त्यांनी ऐकून घेतलं, मला बोट दाखवून घरी चल म्हणाले आणि चार भाकरी खाल्ल्या. पुढचं ते स्वतः लिहिणार आहेत. मी कुठल्या तोंडानं मागू, पण जमलं तर माफ कर.

तुझा
मोहनसिंग


॥ जय सेवालाल ॥

तांडा
६ जुलै २०२५

चि. शिलाबाईस बापूचा लई लई आशीर्वाद.

सोयाबीन पेरून झालं. पाऊस बराबर हाय. गुडघ्याची थोडी तकलीफ हाय, ती मोजायची न्हाई. मोहनला जास्ती बोलू नको. तो अजून जेवताना मान खाली घालून राहिला.

तू मला काहून भीत व्हतीस? खरं लिवतो. त्या दिवशी ते वाचलं नसतं तर मला राग आला असता. महिनाभर बोललो नसतो. पण मी सकाळपासून देवाजवळ एकच मागून राहिलो व्हतो, की कुठंबी असू दे, कुणाचीबी असू दे, पण असू दे. त्यानं आयकलं. आता मागं फिरून कटकट करायला मला तोंड न्हाई. दुसऱ्या दिवशी थोडं लागलं मनाला, न्हाई कशाला म्हणू. मग तेबी गेलं.

अर्ज नव्यानं भरायचा व्हता. मोहनचा हात चालंना. मग मीच तहसीलला गेलो. तिथल्या साहेबाला नवल वाटलं की बाप लेकीचं नाव काढून राहिला. मी त्याला सांगितलं, लेक नांदायला गेली की रेशनकार्डातून नाव बापच कमी करतो, घरातून न्हाई करत. सही करायच्या आधी कारणाचा खाना तीनदा वाचून घेतला. भारतीय नागरिक नाही, असं लिवलेलं व्हतं. पोरी, जन्मात असं गोड काही वाचलं न्हाई. तुझ्या आजानं अंगठा उठवून आपलं नाव यादीत घातलं, मी सही करून तुझं काढलं, अन् हसत बाहेर आलो.

आजाला आपला म्हणायला या गावाला पन्नास वर्सं लागली. तुला त्या लोकांनी आठ वर्सांत म्हणलं. त्यांचे उपकार हायेत. त्यांच्याशी इमानानं राहा. तिथं मत देत जा. मी एकबी मत चुकवलं न्हाई, तूबी चुकवू नको.

कार्ड आलं की ये. वर्सभर राहीन म्हणलीस ते याडीनं धरून ठेवलं हाय. मयतचं तिला कुणी सांगितलं न्हाई, तूबी सांगू नको. तिला एवढंच ठाव हाय, की तिची लेक येऊन राहिली.

मया असू दे.

तुझा बापू
प्रेमदास