मावशी बचाव मोहीम

४ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. हे फक्त माझ्यासाठी आहे, कोणी वाचायचं कारण नाही. तरी अक्षर नीट काढतोय.

काम असं. आमच्या विमानतळाच्या मागच्या कोपऱ्यात, जुन्या हँगरच्या पलीकडे, लष्कराची तीन जुनी विमानं उभी आहेत. दोन लढाऊ आणि एक पोट सुटलेलं मालवाहू. कित्येक वर्षं उभी आहेत. आज कॅन्टीनमध्ये कळलं की तिथे कार पार्किंग करायचं घाटतंय. विमानांचं काय करणार ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्युझियम म्हणतं, कोणी भंगार म्हणतं. फायर ब्रिगेडचे साहेब म्हणतात, आम्हाला द्या.

घरी जेवताना सहज बोललो तर बाबांचा घास हातातच राहिला. ते मालवाहू विमान म्हणजे त्यांची ‘मावशी’. लष्करात मेकॅनिक होते, अर्धी नोकरी तिच्या इंजिनात डोकं घालून गेली. सगळ्यांना पोटात घेऊन जायची म्हणून मावशी. बायको नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला ही खरीच कोणी नातेवाईक वाटली होती. लग्नाला का आल्या नाहीत, असं विचारत होती.

जेवण झाल्यावर बाबांनी कपाटातून स्वतःचे दोन पासपोर्ट साइज फोटो आणून दिले. म्हणाले, ती जायच्या आधी एकदा दाखव.

दाखव! एवढंच? विमानतळाच्या पास सेक्शनचा प्रमुख मी. बाहेरचा माणूस आत येतो तो माझ्या सहीने. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये. पाच मिनिटांचं काम. फोटोंच्या मागे ‘अर्जंट’ लिहून पाकिटात ठेवले.

पण माझ्यासारख्याने एवढ्यावर थांबायचं का? ठरलं. मावशीला मी वाचवणार.

५ मार्च

पाहणी केली. टायर बसलेत, काचा पांढऱ्या पडल्यात, इंजिनात पक्ष्यांचे संसार. बाबांना हे असं दाखवायचं? म्हाताऱ्या माणसाच्या मनावर परिणाम होईल. त्यापेक्षा आधी दुरुस्ती, रंग, मग छोटासा समारंभ, फीत बाबांच्या हस्ते. पास तेव्हाच काढू. व्हीआयपी पास.

पंखावर चढायला गेलो आणि पँट फाटली. गुडघ्यावर नाही, दुसरीकडे. फाईल मागे धरून ऑफिसपर्यंत आलो. क्लार्कने विचारलं, साहेब, पाठ दुखतेय का. हो म्हणालो.

११ मार्च

मूळ दुखणं सापडलं. या विमानांना मालकच नाही. लष्कर म्हणतं, आम्ही फ्लाइंग क्लबला दिली. फ्लाइंग क्लब केव्हाच बंद पडला, त्याच्या ऑफिसात आता कुरिअरचं गोडाऊन आहे. आमचे मोठे साहेब म्हणतात, ती आमच्या जागेत उभी आहेत एवढाच आमचा संबंध. मध्यंतरी विकायचं टेंडर निघालं होतं म्हणे, दोनदा. दोन्ही वेळा रद्द. मालक म्हणून कोणाचं नाव घालायचं हेच ठरेना.

किती ही अनास्था. मालक नाही म्हणजे वाली नाही. मी आधी मालक शोधणार. एकदा मालक ठरला की सगळं आपोआप मार्गी लागेल.

१५ मार्च

बाबा जेवताना म्हणाले, दुपारी मावशीच्या पंखाखाली डबा खायचो, तशी सावली नंतर कुठे मिळाली नाही. तिथे जरा टेकलो तरी पुरे. मी त्यांना पूर्ण योजना समजावली. माहितीफलक, दिवे, बसायला बाक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझ्या सवडीने कर बाबा.

बायको नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, अहो, त्यांना आधी नेऊन तर आणा. बाकाचं बाकाच्या जागी. बायकोला व्हिजन नाही.

२४ मार्च, दुपार

विमान बचाव समितीची पहिली बैठक, कॅन्टीनमध्ये. अकरा जणांना बोलावलं होतं. आले तीन. त्यातला एक चहा प्यायला आला होता, त्याला समितीत घेतल्याचं त्याला अजून माहीत नाही. बागकाम विभागाचे साहेब म्हणाले, विमानांखालचं गवत आमच्याकडे येत नाही, भोवतालचं येतं. फायरवाले साहेब मात्र फार उत्साही. मावशीला पेटवून प्रॅक्टिस करता येईल का, असं दोनदा विचारलं. उत्साह योग्य दिशेला वळवावा लागेल.

अध्यक्ष: मी. सचिव: मी.

३१ मार्च

बाबा पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. संध्याकाळी, भिंतीला हात न लावता. विचारलं तर म्हणाले, तुमच्या त्या मैदानात लांबवर चालावं लागेल ना.

पास उद्या नक्की.

८ एप्रिल

पास राहिला. महिनाअखेर, मग महिन्याची सुरुवात. शिवाय लष्कराच्या ऑफिसात दोन चकरा. तिथल्या अधिकाऱ्यांना मोठ्या पांढऱ्या मिशा आहेत. अत्यंत सभ्य माणूस. पहिल्या वेळी सभ्यपणे नाही म्हणाले, दुसऱ्या वेळी सभ्यपणे बाहेर बसवून ठेवलं. पण मी पिच्छा सोडणारा माणूस नव्हे. संयुक्त पाहणीला या, एवढंच मागितलं. शेवटी हो म्हणाले, बहुधा मी उठावं म्हणून.

१८ एप्रिल, संध्याकाळ

आयुष्यातला मोठा दिवस. जेवायच्या आधीच लिहायला बसलोय.

मिशा आल्या. मोठे साहेब आले. समिती आली (मी). मी मावशीच्या पंखाखाली उभा राहून भाषण केलं. या अनाथ विमानांना कोणीतरी आपलं म्हणा, इथपर्यंत आल्यावर मला स्वतःलाच रुमाल काढावा लागला. ऊन मी म्हणत होतं. सावली भाषणाला पुरेल एवढीच होती, ती मी घेतली होती. मिशांनी घाम पुसला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, क्लब तर आता उरला नाही, तेव्हा ही तिन्ही आजपासून विमानतळाची. तसं लगेच लिहूनही दिलं.

एवढी वर्षं जे कोणाला जमलं नाही ते मी करून दाखवलं. मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आजवर त्यांनी मला नावाने हाकही मारलेली नाही.

घरी येऊन जाहीर केलं की मावशीला घर मिळालं. बाबा खूश झाले. म्हणाले, मग मी कधी येऊ? म्हटलं, आता फक्त रंग बाकी. ते उठले आणि बूट पॉलिशला बसले.

२६ एप्रिल

नोटीस बोर्डावर लिलावाची नोटीस. ‘तीन निकामी विमानं, आहेत त्या स्थितीत.’ घाबरायचं कारण नाही. ही औपचारिकता असते. किंमत ठरवल्याशिवाय विमा उतरवता येत नाही.

२७ एप्रिल

विम्याबद्दल मोठ्या साहेबांना विचारलं. ते हसले. आधी वाटलं माझ्याबरोबर हसतायत, म्हणून मीही हसलो. मग त्यांनी समजावून सांगितलं. इतकी वर्षं ती विमानं हलवता येत नव्हती, कारण जे आपलं नाही ते विकता येत नाही. तुम्ही ती आपली करून दिलीत. गाठ सोडवलीत. पार्किंगचं श्रेय खरं तर तुमचं.

मी हसतच होतो. तोंड बंद कसं करायचं ते सुचेना. बाहेर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

म्हणजे कोणाचीच नव्हती म्हणून ती जिवंत होती. आणि मी दीड महिना धावपळ करून तिला मालक मिळवून दिला.

२८ एप्रिल

निर्धार. विरोध करायचा. साहेबांच्या टेबलावर हात आपटायचा. गरज पडली तर मावशीसमोर आडवं पडायचं.

सायंकाळी

साहेबांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, माझं प्रशस्तिपत्र टाइप होत असल्याचं सांगितलं. नावाचं स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं.

टेबलावर हात ठेवला होता. आपटला नाही.

२ मे

बाबांनी विचारलं, कुठवर आलं? सांगायचं ठरवून घरी आलो होतो, वाक्यही तयार केलं होतं. ते पॅसेजच्या टोकाला उभे होते, काठी न घेता. म्हटलं, रंग चालू आहे. कोणता, म्हणाले. चंदेरी, म्हणालो. ते म्हणाले, चंदेरी डोळ्यावर येतो रे, तिचा मूळ मळकटच बरा होता, पण असू दे, तुम्ही लोक विचार करूनच करत असाल.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लिलावाचं मी तिला सांगितलं होतं. रात्री ती भांडली असती तर बरं झालं असतं.

अजून वेळ आहे. पास काढून उद्या त्यांना नेता येईल. पण नेलं तर मावशी मळकटच दिसणार, आणि मग पुढे काय असं विचारतील. काय सांगू? मीच विकली?

नीट विचार करून ठरवावं. घाईत पास काढू नयेत.

९ मे

लिलावात विमानं घेतलेला भंगारवाला आज पास सेक्शनला आला. माझ्याच टेबलाशी. सोबत त्याचे कामगार, गॅस कटर, सिलिंडर. सगळ्यांचे पास माझ्याच सहीचे. नाकारायला कारण शोधत होतो. कागद सगळे चोख. एका कामगाराकडे फोटो नव्हता. बिचारा लांबून आला होता, तोंड एवढंसं झालं त्याचं. म्हटलं असू दे, आणि बिनफोटोचा पास दिला. नियम माणसांसाठी असतात.

ते गेल्यावर क्लार्क बराच वेळ माझ्याकडे बघत होता. बाबांच्या फोटोंचं पाकीट मागच्या खिशात होतं. दिवसभर त्याच्यावरच बसलो होतो.

१० मे

कटरचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येतो. खिडकी लावली. पंखा फुल केला. तरी येतो.

आधी लढाऊ विमानं कापतायत. म्हणजे मावशीला दोन दिवस आहेत. उद्या बाबांना सांगणारच.

११ मे

सांगितलं नाही. डोकं दुखत होतं.

१२ मे

डोकं दुखत होतं. खरंच.

१४ मे

आज गेटवरच्या गार्डचा फोन. एक आजोबा आलेत, पास नाही, तुम्ही त्यांचा मुलगा म्हणतायत.

पळत गेलो. बाबा गेटबाहेर उभे. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. टॅक्सी करून एकटे आले होते. गार्डला सांगत होते, रंग एव्हाना वाळला असेल, म्हटलं मुलाला त्रास कशाला, आपणच जावं.

मी काही बोलायच्या आत आतून ट्रेलर आला. वर दोरखंडांनी बांधलेला मावशीचा पंख. गेट अरुंद, पंख लांब. ड्रायव्हर पुढे घेई, अडके, मागे घेई. गार्ड ओरडत होता, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. मी मधोमध उभा होतो, कोणाच्याही उपयोगाचा नाही.

बाबा पुढे झाले. ट्रेलरच्या समोर जाऊन दोन्ही हात वर केले, धावपट्टीवर विमानाला करतात तसे. ये, ये. थोडं डावीकडे. थांब. आता सरळ. ड्रायव्हर मुकाट्याने त्यांचे हात बघत स्टिअरिंग फिरवत होता. पंख गेटच्या खांबाला न घासता बाहेर पडला. बाबांनी हात खाली केले, बाजूला झाले आणि ट्रेलर वळेपर्यंत बघत राहिले.

मला तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, तसंच वाटत होतं.

परतताना टॅक्सीत बाबांनी काच खाली केली. मग म्हणाले, रंग कुठे दिसला नाही.

मी खिडकीबाहेर बघत होतो.

घराजवळ आल्यावर म्हणाले, मी वाचव कुठे म्हणालो होतो रे. दाखव म्हणालो होतो.

१५ मे

प्रशस्तिपत्र आलं. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे. ड्रॉवरमध्ये शिक्क्याखाली ठेवलं.

नवे संकल्प लिहायला बसलो. एकही सुचला नाही.

१७ मे

सकाळी बाबा खोलीत आले. बोलतील, ओरडतील, मी तयार होतो. ते म्हणाले, ते दोन फोटो आता तुला लागणार नसतील तर दे, पेन्शनच्या कामाला होतील.

पाकिटातून काढून दिले. बसून बसून वाकले होते. बाबांनी ते बोटाने सरळ केले, उलटे करून बघितले. मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्जंट’.

अक्षर चांगलं आहे तुझं, म्हणाले.