काळ्या पट्टीतला अनोळखी कंडेन्सर

तीर्थरूप मामास,

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (तारांना डाख लावताना दोन बोटं भाजली आहेत, त्यामुळे आठ अंगं पुरी भरत नाहीत, राहिलेलं भेटीत भरून काढीन.) तुझी कंबर कशी आहे? इकडे आई, मी आणि मांजर खुशाल. आजोबा ठणठणीत आहेत, पण माझ्याशी बोलत नाहीत. कारण त्यांचा बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ मी दुरुस्त केला.

तू शिकवलंस तसंच सगळं केलं. आधी जोडण्यांचं चित्र काढलं, मग जुने कंडेन्सर एकेक करून बदलायला घेतले. निम्म्यांचं मेण वितळून आकडे पुसले गेले होते, आणि मीटरवर विश्वास ठेवण्याची सोय नाही, कारण गळका कंडेन्सर निवृत्त माणसासारखा आपला आकडा फुगवूनच सांगतो. मग तुझं वाक्य आठवलं: अंगावर नाव नसलं तर त्याची ऊठबस कोणाकडे आहे ते बघ. तशी प्रत्येकाची तार धरून या व्हॉल्व्हकडून त्या व्हॉल्व्हकडे हिंडले, रेडिओसोबत आलेल्या छापील नकाशाशी ताडून पाहिलं (दोनदा, मग धीर होईना म्हणून तिसऱ्यांदा), आणि सगळ्यांची ओळख पटली. एक सोडून.

तो काळ्या चिकटपट्टीत नखशिखांत गुंडाळलेला, स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरला मागून बिलगून बसलेला. नकाशात त्याचा पत्ताच नाही. आगंतुक समजून मी त्याला काढलं (आणि लिफाफ्यात घालून वर 'संशयित' असं लिहिलं). रेडिओ लागला. आवाज लख्ख! आई म्हणाली, "अगंबाई, बातम्या देणाऱ्याची सर्दी गेली की!" आजोबांनी कान लावला आणि म्हणाले, "हा आमचा रेडिओ नव्हे. बदलून आणलास." मी नकाशा पुढे केला. "नकाशा तुझा, कान माझे," म्हणाले, आणि तेव्हापासून अबोला. चहासुद्धा मांजराला उद्देशून मागतात.

शेवटी आईनं लिफाफा उघडून पाहिला. पट्टीचं टोक दुमडलेलं होतं. "हा तुझ्या मामाचा हात. सोडणाऱ्याची नखं मोडू नयेत म्हणून टोक दुमडणारा या घरात तोच एक." म्हणजे आजोबांना आवाज किरटा वाटतो म्हणून तो मऊ करायला घर सोडण्याआधी तूच हा बसवून गेलास, आणि मी तो उपटला! तर तो किती क्षमतेचा होता, तेवढं कळव. आईमार्फत आजोबांचा निरोप आहे: पत्रानं नको, त्यानं स्वतः येऊन सांगावं.

तुझी चिंताक्रांत
भाची

ता. क. पट्टी सोडली. नख मोडलं नाही. आतल्या अंगावर आकडा ठळक छापलेला होता. तसाच नवा आणून बसवला. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हं. आता आमचा." अबोला संपला. (वरचा मजकूर लिहिताना खरा होता, म्हणून खोडला नाही.)

आणखी ता. क. म्हणजे आता तू येण्याचं काही कारण उरलेलं नाही. हे तुला कळवायचं नाही, असं आजोबांनी मला बजावलं होतं. मी म्हटलं, मी लपवाछपवी करणार नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग अगदी शेवटी लिही. त्या गधड्यानं आजवर एकही पत्र शेवटपर्यंत वाचलेलं नाही."

चुकून वाचलंच असशील, तर न वाचल्यासारखा ये.